अत्तारभाईंचा आवाज

मालिनीताईंनी हेडफोन काढून डोळे चोळले. हौशी रेडिओ आणि त्याच्या स्पर्धांवरच्या पॉडकास्टचा नवा भाग त्या सकाळपासून कापत बसल्या होत्या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचे रेडिओ-स्पर्धांतले जुने जोडीदार अत्तारभाई शब्दाशब्दाला अडखळत. ते अडखळणं काढता काढता ताईंचा जीव मेटाकुटीला यायचा. हा भाग शेवटचा, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तेच सांगायला त्या संध्याकाळी भाईंच्या मिरजेच्या घरी गेल्या. आधी त्यांना नवा भाग ऐकवला. भाई मान खाली घालून ऐकत राहिले.

"छान... झालाय," ते म्हणाले. "पण हा... मी नव्हे."

"लोक कंटाळतात हो, भाई."

"स्पर्धेत आपल्याला... ठरल्या वेळात जास्तीत जास्त जणांना रेडिओवर गाठायची... केवढी घाई असायची. तरी कुणाचा आवाज... तुटक आला, तर तुम्ही काय करायचात, ताई?"

"परत परत विचारायचे," ताई पुटपुटल्या. "नीट कळेपर्यंत."

"गुण जायचे... आपले."

"जायचे खरे."

ताईंचा थकवा काही उतरला नव्हता. उलट पुढचं सगळं काम डोळ्यांपुढे उभं राहिलं. तरी त्यांनी काटछाट केलेला तो नवा भाग पुसून टाकला, पिशवीतून माइक काढला आणि भाईंपुढे ठेवला.

"पुन्हा सांगा सगळं. ऐकतेय मी."

"वेळ... लागेल, ताई."

"लागू दे," म्हणत ताई खुर्चीत मागे रेलल्या.