शिळं पाणी

"माय, आपलं काम झालं!" दिपाली जिन्यातूनच ओरडली.

वर बानाबाईला ऐकायला सवड कुठली? चिकलठाण्याच्या त्या गल्लीत आठवड्यानं नळ आला होता. साऱ्या बाया पदर खोचून पाण्यामागं लागल्या होत्या. बानाबाईनं ड्रम भरला, हंडे भरले, कळश्या भरल्या, कुकरसुद्धा सोडला नाही. नळ आला की शिळं ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. यात तिची कधी कसूर नसायची.

दिपाली चपला भिरकावून आत आली. मोबाईलवर भूरसायन सोसायटीचं पत्रक उघडंच होतं. दगड, माती, पाणी यांतलं रसायन तपासणाऱ्या लोकांची ही सोसायटी. पीएच.डी. करता करता दिपालीही तिची सभासद झाली होती. दर महिन्याला सभासदांसाठी बातम्या यायच्या, संधी यायच्या. कुणाला पारितोषिक, कुणाला परदेशी नोकरी, कुणी वारलं. दिपाली वाचायची, पण दुसऱ्याच्या मांडवात बाहेरून डोकावल्यासारखी. आज मात्र तिच्यासाठीच पान मांडलं होतं. बुजलेल्या विहिरीचं जुनं पाणी कुणी राखून ठेवलं असेल तर पाठवा, प्रयोगशाळा त्या पाण्याचं वय काढून देईल, आणि ज्याचं पाणी त्यानंच अधिवेशनात निबंध वाचायचा! तिच्या पीएच.डी.च्या सरांचा लगोलग फोन आला होता. "दिपाली, तुझं अडलेलं काम सुटलं बघ. बाटल्या आहेत ना?"

होत्या ना. पलंगाखाली खोक्यात होत्या.

करमाडजवळच्या त्यांच्याच विहिरीचं पाणी होतं ते. विहीर दिपालीच्या बापानं, भिकननं, खणलेली. मेंढरं विकून एका जागी राहायचं ठरवलं तेव्हा त्यानं पहार घेतली आणि मातीच्या पाट्या बानाबाईनं वाहिल्या. पुढं भिकन गेला, मागोमाग जमीन गेली, आणि एक दिवस प्लॉटिंगवाल्यांनी मुरूम लोटून विहीर बुजवली. त्या दिवशी बानाबाईनं भाकरीला हात लावला नाही. आदल्या सांजेला दिपाली गुपचूप जाऊन बाटल्या भरून आली होती. आईपुढं मात्र विहिरीचं नावही काढलं नाही. उगा खपली कशाला काढायची? "कॉलेजचं पाणी हाय," एवढं म्हणून तिनं खोका आत सारला होता.

तोच खोका तिनं आता ओढला. बाटल्या जागेवर होत्या. लखलखीत होत्या. तिनं चिकटवलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या गेल्या होत्या. एक बाटली तिनं आडवी केली, तर आत हवेचा बुडबुडा पळाला. तपासायचं पाणी हवा न ठेवता काठोकाठ भरायचं असतं, दिपालीनं भरलेल्या बाटलीत बुडबुडा कधीच नसायचा. तिनं दुसरी बाटली आडवी केली, तिसरी केली. सगळ्यांत बुडबुडा.

"माय... या बाटल्या?"

"घासल्या की!" गॅलरीतून बानाबाईचा आवाज आला. "कसले कागद चिकटवले व्हते गं, निघता निघंना. भांडी पुरंनात म्हणून काढल्या. अन् केवढं शिळं पाणी त्यात! माणसानं किती दिवस ठिवावं? ताजं भरलंय, न्हे आता कालेजात."

दिपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडायला म्हणून ती गॅलरीत गेली, आणि समोर माय. गुडघ्यापर्यंत ओली, बोटं पाण्यानं सुरकुतलेली, आणि घरातलं एकूण एक भांडं भरल्याचा आनंद तोंडावर. आता हिला काय बोलायचं? हिनं जन्मभर शिळं पाणी मेंढरालासुद्धा पाजलं नव्हतं. सांगायचं ते आपणच सांगितलं नाही.

"कुठं ओतलं?"

"कढीपत्त्याला. वाया कशाला घालू?"

गॅलरीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात कढीपत्ता होता. दिपालीनं मातीत बोट घातलं. उन्हानं वरची माती केव्हाच कोरडी झाली होती, खाली जराशी ओल लागली. तिला रडू आवरेना. अधिवेशन गेलं, निबंध गेला, त्याचं वाईट वाटलंच. पण बापाच्या विहिरीचा शेवटचा थेंबही आता कुठं नव्हता.

"लई कामाचं व्हतं का गं?"

"नाय माय."

"मंग रडती कशाला? कुठलं पाणी व्हतं?"

"असंच. एका विहिरीचं."

बानाबाईच्या हातातला पाइप हंड्यात तसाच राहिला. हंडा भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"एक घोट घेतला व्हता मी," ती हळूच म्हणाली. "पाणी वतायच्या आधी चाखून बघायची खोड हाय ना मला. आधी खारट, मागून गोड लागलं. आपल्या विहिरीवानी. म्हनलं, बाने, खुळी का तू? ती विहीर कुठं राह्यली आता? अन् दिलं वतून."

दिपाली कढीपत्त्याच्या डब्याजवळ बसून राहिली. तिला मान वर करवेना.

"दिपे," बानाबाई म्हणाली, "आपलीच व्हती का गं?"

दिपालीनं कढीपत्त्याच्या बुडाशी ओली माती दाबली.

खाली गल्लीत बाया एकमेकींना हाका मारून सांगत होत्या, भरून घ्या, भरून घ्या, आता जाईल. बानाबाईनं वाहता नळ बंद केला.