झिंक भरपूर

"पुन्हा तेच," आकडे पाहून प्रणोती वैतागली. तिसऱ्यांदा तपासूनही मातीत झिंक भरपूर निघालं होतं. त्याच बागेतल्या संत्र्यांची पानं मात्र झिंक कमी पडल्यासारखी पिवळी झाली होती. एमएस्सीचा प्रबंध याच मुद्द्यावर अडून बसला होता.

"माझ्या पीएचडीतही या भागात झिंक भरपूरच आलं होतं," तिचे गाइड मोहोड सर समाधानाने म्हणाले. "पानांचं कारण दुसरं असेल. लिहून टाक आता, किती घोळ घालशील?"

लिहायला तिचा हात धजेना. ती पुन्हा माती आणायला निघाली. अवजारांच्या खोलीतून गुणवंतभाऊंनी नेहमीची बादली पुढे केली. विभागातले सगळेच मातीचे नमुने वर्षानुवर्षं तिच्यातच खुरप्याने मिसळत आले होते.

"न्या मॅडम. प्लास्टिकच्या सगळ्या फुटल्या, पण ही जस्ताची कशी टिकली पाहा."

कडी धरून प्रणोती तशीच उभी राहिली. जस्त म्हणजेच झिंक. खुरप्याने घासून बादलीचा मुलामा मातीत उतरत होता आणि वर्षभर ती तोच मोजत होती.

तिने बादली सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सगळं सांगितलं. "तुमच्या वेळीही हीच होती ना, सर?"

सरांनी बादलीच्या घासलेल्या तळावरून बोट फिरवलं. मग उठून त्यांनी केबिनचं दार लोटलं.

"आणखी कोणाला बोललीस?"