न समजणारा पंखा

सिंदी गावात तोंडी हुकमावर फिरणारे पंखे आले, तेव्हा लोकांनी ते हौसेनं घेतले. पण त्यांना फक्त पुस्तकी मराठी कळायची. ‘फिरजो’ म्हटलं की पंखा वरून म्हणे, “समजले नाही.” उन्हाळा सरायच्या आत सगळे पंखे भंगारात गेले. आनंदाबाईंनी मात्र आपला ठेवला.

“आई, ‘पंखा सुरू कर’ म्हणा ना,” सून वर्षाली विनवायची.

“मी काऊन जीभ वाकवू? त्यालेच शिकू दे!” उभ्या जन्मात त्यांनी कोणाचा हुकूम ऐकला नव्हता.

एका दुपारी सुपात तूर पाखडताना त्या सवयीनं म्हणाल्या, “फिरजो रे.”

पंखा फिरू लागला.

“पाह्यलं? शिकला का नाई?” आनंदाबाईंची मान ताठ झाली.

वर्षाली चपापली. “पंखा बंद कर,” ती म्हणाली. पंखा फिरतच राहिला.

“त्याले आता तुई भाषा नाई समजत, बाई!” आनंदाबाई खळखळून हसल्या. “थांबजो रे.”

पंखा थांबला. मग वरून शांत आवाज आला, “आता तू थांबजो, आनंदे.”

“आई, ठेवा ते सूप. बाहेर चला!”

आनंदाबाईंनाही सूप ठेवायचं होतं. पण ते हातांत तसंच अधांतरी राहिलं.