मोकळा रविवार

बायबलमधल्या हरवलेल्या नाण्याच्या दाखल्यापाशी चर्चच्या पाळकांचं घोडं पेंड खात होतं. रविवार परवावर आला होता. एका नाण्यासाठी सगळं घर झाडणारी त्यातली बाई उपदेशात समजावून सांगायला घरगुती उदाहरण हवं होतं, आणि तेच सापडत नव्हतं. त्या त्या रविवारी वाचायला नेमलेले शास्त्रपाठ दर तीन वर्षांनी फिरून येतात. मंडळीची स्मरणशक्ती नेमकी अशाच बाबतीत दांडगी असते, त्यामुळे मागच्या खेपेचं उदाहरण पुन्हा खपवायची सोय नव्हती.

मागच्या खेपेचं उदाहरण स्वयंपाकघरात आईजवळ बसलं होतं. लेक सकाळीच एकटी आली होती, हातात मोठी बॅग, डोळे सुजलेले. मायलेकींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. पाळक पाणी प्यायच्या निमित्ताने आत डोकावले की दोघी गप्प.

तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, साखरपुड्याची अंगठी हरवल्याचं लेकीने फक्त बापाला सांगितलं होतं. बापाने ते भर चर्चमध्ये सांगितलं. ती पलंगाखाली कशी शिरली, कोपरे कसे उकरले, केर कसा चिवडला. मंडळी पोट धरून हसली. ती अंगठी लेकीच्या बोटात घालणारी होणारी सासू पुढच्याच बाकावर होती. ती हसली नाही, आणि लग्नानंतरही हसलेली नाही. त्या उपदेशाचं फार कौतुक झालं होतं. आज ते आठवून पाळकांना स्वतःचीच लाज वाटली.

पेन्सिल टेबलावर ठेवून ते आत गेले.

"काय झालं गं, बेटा? मला नाही सांगणार?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून भाजी चिरत राहिली.

"पप्पा, पुढच्या रविवारी कोणता शास्त्रपाठ आहे?"

पाळकांना बरं वाटलं. निदान बोलली तरी. "लबाड कारभाऱ्याचा."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातला भिकारी. का गं?"

"ज्यात नवरा नाही, बायको नाही, घरदार नाही, असा रविवार कधी येतो ते बघून ठेवा. त्या आठवड्यात सांगते."

"आणि सासूही नको," आई म्हणाली.

"आता नाही गं कुणाला सांगणार!"

"तेव्हाही हेच म्हणाला होतात." ती रागाने बोलली असती तर त्यांना सोसलं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली.

पाळक खोलीत परतले आणि शास्त्रपाठांचं कॅलेंडर पुढ्यात घेतलं. एखादा रविवार दाखवला की बोलेल, पोरच आहे. कारभाऱ्याचा लबाडपणा जावयाच्या अंगावर बेतलेला दिसायला लागला, तसं त्यांनी घाईने पान उलटलं. तिथे दारातला भिकारी होता, आणि त्याच्या हातात मोठी बॅग होती. पुढे मोहरीचा दाणा. पुढे न्यायाधीशाच्या मागे लागलेली विधवा. पानं उलटत ते वर्षअखेरीपर्यंत गेले. लेकीला उदाहरण म्हणून बसवता येणार नाही असा एकही रविवार त्यांना सापडला नाही.