खोक्यावरचा चौकोन

फोनवर तिसऱ्यांदा लाल अक्षरं उमटली, ‘पोत जुळत नाही.’ वैदेहीने औषधाचं खोकं उजेडात धरून पुन्हा पाहिलं.

आत तिचा नवरा पार्थ पडून होता. नवी किडनी बसवून जेमतेम दोन महिने झालेले. शरीराने ती झिडकारू नये म्हणून ही गोळी होती, आणि वेळ अजिबात चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुनं खोकं सकाळीच संपलं होतं.

खोक्यावर कोऱ्या कागदाचा एक चौकोन असे. त्याचा पोत दर खोक्याला वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. कारखान्यात त्याचा फोटो काढून ठेवतात. घरी फोनने काढलेला फोटो त्याच्याशी जुळला की औषध खरं. आजवर दर वेळी जुळला होता. पण या वेळी नेहमीचा केमिस्ट गावी गेलेला, म्हणून तिने पनवेलच्या दुसऱ्याच दुकानातून खोकं आणलं होतं. चौकोन जरा पिवळटही दिसत होता. नकलीच, दुसरं काय! गोळी द्यावी तर काय पोटात जाईल कोण जाणे, न द्यावी तर वेळ टळतेय. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मॅडम, चौकोनाला पाणी वगैरे लागलंय का?” पलीकडच्या मुलीने विचारलं.

“अहो नाही! काल आणलं ते तसंच कपाटात आहे. तुमचा मालच डुप्लिकेट!”

“पाणी मी लावलं,” दारातून अरुणाताई म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काल देवापुढे ठेवलं होतं गं. हळदकुंकू लावलं. मग आठवलं, मागच्या वेळी तू केवढी चिडली होतीस. म्हणून ओल्या फडक्याने पुसून टाकलं.”

वैदेहीने चौकोनावरून बोट फिरवलं. पिवळटपणा हळदीचा होता.

“मॅडम, खालच्या बाजूला अजून एक चौकोन असतो. तो बघा,” फोनवरची मुलगी म्हणाली.

वैदेहीने खोकं उलटं करून फोटो काढला. या वेळी अक्षरं हिरवी आली. तिने धावत जाऊन पार्थला गोळी दिली.

परत आली तर अरुणाताई अजून दारातच उभ्या होत्या, बोलणी खायच्या तयारीने. स्वतःच्या घरात, सुनेला एवढ्या घाबरून. वैदेहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आई, पुढच्या वेळी आधी फोटो, मग हळदकुंकू,” ती म्हणाली. “आणि लावलेलं पुसायचं नाही.”