पाचवा दिवस

चौथ्या दिवशी संध्याकाळी यंत्राने खेळपट्टी तपासली, उद्या चेंडू वळणार नाही, भारताला उरलेले बळी मिळणार नाहीत असं सांगितलं आणि भारत हरल्याचं जाहीर झालं. हल्ली कसोटी अशीच संपते. दोन्ही संघ विमानतळावर गेले. फिरकी गोलंदाज प्रसन्न धुरी तेवढा मागे राहिला. फिरकीवाल्याचा खरा दिवस पाचवा, असं त्याचे वडील म्हणायचे. त्याने तो कधी पाहिलाच नव्हता.

सकाळी रिकाम्या मैदानात त्याने एक चेंडू टाकला. तो हातभर वळला आणि मधली यष्टी उडाली. टाळी द्यायला प्रसन्नने हात वर केला. समोर कोणीच नव्हतं. चेंडू सीमारेषेपर्यंत घरंगळत गेला.

‘आणखी एक टाकू?’ त्याने रोलर घेऊन आलेल्या माळीकाकांना विचारलं.

‘टाका की. पण चेंडू तुम्हालाच आणावा लागेल.’