पूजेचं तूप

रामनगरच्या एका दुकानापासून एकोणीस शाखांपर्यंत वाढलेल्या स्वस्त सुपरमार्केटमध्ये सुनीती माल तपासायची. साजूक तुपाच्या नव्या मालात निम्मी भेसळ सापडली, तेव्हा तिने अहवालावर ‘खाण्यास अयोग्य’ असं लिहून सगळे डबे नाकारले. मालक जैस्वालजी शांतपणे म्हणाले, “ठीक है मैडम, खाने के लिए नहीं बेचेंगे.”

पंधरा दिवसांनी मंगला गौरीच्या देवळाजवळ विसावी शाखा उघडली. दारातच तेच डबे रचले होते, निम्म्या किमतीत. नव्या लेबलावर मोठ्या अक्षरांत ‘पूजा का घी’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘खाने योग्य नहीं’.

“ये क्या है, जैस्वालजी?” तिने एक डबा उचलून त्यांच्यापुढे धरला.

“आप ही का लिखा छापा है, मैडम. पंडितों के मुहल्ले में यही सबसे ज़्यादा बिकेगा.”

ती तिथून तडक रामघाटावर नीलकंठमामांच्या वेदपाठशाळेत गेली. तीस विद्यार्थी जेवायला बसले होते आणि मामा नव्या शाखेतून आणलेल्या डब्यातलं तूप भातावर वाढत होते.

“मामा, थांबा. डब्यावर स्पष्ट लिहिलंय, हे फक्त पूजेचं आहे, खायचं नाही.”

मामांनी पुढच्या पानात पळी रिकामी केली.


“ठाऊक आहे गं. म्हणून तर देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय एकाच्याही पानात वाढत नाही.”